पवळीचा पान्हा

खैरवाडीत गाय अडली की पहिली हाक तुळसाला जायची आणि दुसरी देवाला. गुरव हे देवापुढच्या गाऱ्हाण्यात सांगणार नाही, पण खरं ते खरं. मालवणहून कसालकडे जाताना जी एक लाल वाट काजूंच्या बागेत शिरते, तिच्या शेवटाला ही वाडी. पंचवीस-तीस घरं, दर घरी दोन-चार गुरं, आणि त्या सगळ्या गुरांची वंशावळ तुळसाच्या डोक्यात. कुठली गाय कुणाची नात, कुठली म्हैस पहिल्या वेताला बिथरलेली, कुठल्या वासराला आईनं तीन दिवस लाथाडलं होतं, विचारा तिला. तोंडात पानाचा तोबरा असला तरी उत्तर मिळायचं. फक्त ते समजून घ्यायला कान तिखट लागायचे.

अशी ही गुरांची सुईण, आणि तिला स्वतःला मूल नव्हतं. सतराव्या वर्षी तिला खारेपाटणला दिली होती. सासरच्यांनी सात-आठ वर्षं वाट बघितली, मग एका शिमग्याला माहेरी पोचवली, ती परत न्यायला कुणी आलंच नाही. भाऊ विठोबा भला माणूस. ‘कशाला आलीस’ असं त्यानं एकदाही विचारलं नाही. पण गाव म्हणजे काही विठोबा नव्हे. गावानं तिला गोठ्यात मान दिला आणि ओसरीवर मनाई केली. गाय व्याली की ‘तुळसा, धाव गो’, आणि सून बाळंत झाली की ‘तुळसा, तू जरा थंयच रव’. वांझ बाईची नजर बाळाला बाधते म्हणे. मग वासराला कशी बाधत नाही, हे कुणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. विचारायचं तरी कुणाला? सगळे एकाच माळेचे मणी.

या ‘थंयच रव’ची मोठी पुरस्कर्ती म्हणजे काशीबाई. काशीबाई वाडीतल्या बाळांना न्हाऊ घालायची. न्हाणीत पाय पसरून बसायची, पायांवर बाळ, शेजारी कढत पाण्याचा हंडा, हाताला खोबरेल. चोळून, मळून, शेकून, वावडिंगाची धुरी देऊन, कपाळाला तीट लावून ती बाळ आईच्या हातात द्यायची, तेव्हा ते उकडलेल्या कोळंबीसारखं लाल झालेलं असायचं आणि पुढचे चार तास हूं की चूं करायचं नाही. तिच्या हाताला गुण होता, हे तुळसाही मान्य करायची. वाडीतल्या चाळिशीच्या आतल्या एकूण एक माणसाचं नाक काशीबाईनं चिमटीत धरून सरळ केलेलं होतं. तिला त्याचा अभिमान होता, आणि तो असायलाच हवा.

ऐंशी साली विठोबाला मुलगी झाली आणि तिसऱ्या आठवड्यात त्याची बायको सीता तापानं गेली. घरात भिंतीला टेकून बसलेला भाऊ आणि भुकेलं पोर. तुळसानं गाईच्या दुधात पाणी घालून कापसाच्या बोळ्यानं ते पोर जगवलं. पण पोट भरलं तरी पोर तोंडानं काहीतरी शोधत राहायचं आणि रडून रडून निळं पडायचं. एका दुपारी तुळसानं दाराला कडी घातली आणि तिला आपल्या कोरड्या छातीशी धरलं. पोर गप्प झालं. मग हे रोजचंच झालं. महिनाभरानं, एका दुपारी, तिच्या चोळीला ओल आली.

तुळसाची घाबरगुंडी उडाली. न व्यालेल्या बाईला दूध? गावाला कळलं असतं तर गावानं दोनच गोष्टी म्हटल्या असत्या: एक तर बाई चेटकीण आहे, नाही तर बाईचं पाऊल घसरलंय. तिनं हे कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही, विठोबालाही नाही. पोर वर्षाचं होईतो ती दाराला कडी घालून पाजत राहिली. पण गुरांत वाढलेली बाई ती. एवढं तिला तेव्हाच कळून चुकलं की पान्हा नुसता पोटातून येत नाही. तो आणखी कुठून तरी येतो.

सुतक फिटल्यावर राहिलेलं बारसं झालं. नाव तुळसानंच निवडलं होतं, प्राजक्ता, कारण दारातला पारिजात सीतेनं लावलेला. आपल्याकडे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आतेचा. आते वाकते, बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते आणि जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. तुळसा ठेवणीतलं लुगडं नेसून पाळण्याशी वाकली, तोच काशीबाईनं तिचं मनगट धरलं.

“तू नको गो,” काशीबाई म्हणाली. “आवस नसलेला पोर ता. निदान नाव तरी लेकुरवाळीच्या तोंडान जांवदे.”

आणि नाव काशीबाईनंच सांगितलं. बायकांनी काशीबाईच्या पाठीत धपाटे घातले, हसल्या. तुळसा चुलीपुढे जाऊन घुगऱ्यांचे चणे ढवळत बसली. ती रडली नाही. रडणाऱ्यातली ती नव्हतीच, रागावणाऱ्यातली होती. त्या दिवशी तिनं मनाशी एक गोष्ट पक्की केली. ही पोर मी अशी वाढवीन की एक दिवस याच बायका याच तोंडानं म्हणतील, ही तुळसाची. पुढची पंचवीस वर्षं ती याच एका गोष्टीसाठी जगली असं म्हटलं तरी चालेल.

प्राजक्ता वाढली ती आतेच्या पदराला धरून, गोठ्यागोठ्यातून. इतर मुली भातुकली खेळायच्या तेव्हा ही कंदील धरून उभी असायची आणि आते कोपरापर्यंत हाताला तेल लावून वासराचे पाय चाचपायची. अठ्ठ्याण्णव साली ती बारावी झाली आणि म्हणाली, मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय.  गावात भाईंना विषय मिळाला. भाई म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ, काम काही नाही, मत प्रत्येक गोष्टीवर. ते म्हणाले, “चेडवाक ढोरांची डाक्टर करतंस? माणसांची करूची सोडून?” तुळसानं पान थुंकलं आणि म्हणाली, “माणसांका कायव झाला तर सांगूक तोंड आसा. ढोरांका खंय आसा?” भाई दुसरं मत न देता छत्री उचलून घरी गेले, हा त्या वर्षातला वाडीतला मोठा चमत्कार.

पोर मुंबईला शिकली, डॉक्टर झाली आणि दोन हजार पाचच्या सुरुवातीला जवळच्याच गुरांच्या दवाखान्यात रुजू झाली. स्कूटीवरून, पाठीला पिशवी लावून ती वाटेनं जायची, तेव्हा तुळसा उगाचच अंगणात काहीतरी झाडत असायची. अंगण दिवसातून चार-चारदा झाडून झाडून खरवडलं गेलं, पण फुगलेली छाती काही खाली येत नव्हती.

आणि तिसऱ्याच आठवड्यात गुरुदासची पवळी व्याली.

गुरुदास हा काशीबाईचा मुलगा, शेतीवाडी बघणारा, आईच्या शब्दाबाहेर नसणारा. पवळी त्याची लाडकी गाय, पहिलटकरीण. थंडीचे दिवस होते. पहाटे पवळीनं पाडी दिली, म्हणजे गोऱ्हा नाही, कालवड. गुरुदास गरम पाणी आणायला आत गेला, आणि इथं काशीबाईचे हात शिवशिवले. बिचारीचा तरी काय दोष? वाडीतली तरुण पोरं सगळी मुंबईला. दोन वर्षांत वाडीत एक बाळ जन्माला आलं नव्हतं, पायांवर घ्यायला काही नव्हतं. समोर ओलाचिंब, कुडकुडणारा जीव बघून बाईला राहवलं नाही. पवळीनं जीभ लावायच्या आत तिनं पाडी उचलून न्हाणीत नेली. कढत पाणी, खोबरेल, चोळणं-मळणं, वावडिंगाची धुरी. कपाळाला तीटसुद्धा लावली. चकचकीत पाडी घेऊन ती गोठ्यात आली आणि कौतुकानं पवळीपुढे ठेवली. पवळीनं एकदा हुंगलं, मान झटकली आणि सणसणीत लाथ मारली.

दहा वाजेपर्यंत लाथाच चालू होत्या. पाडी कासेला तोंड न्यायची आणि कोलमडून पडायची. पवळी दूधही चोरून धरत होती, हाताला थेंब देत नव्हती. वासराला पहिला चीक मिळाला नाही तर ते तगत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आता हाकेच्या अंतरावर शिकलेली डॉक्टर होती, म्हणून गुरुदासनं दवाखान्यात फोन केला.

प्राजक्ताची ही गावातली पहिली हाक. निघण्याआधी ती घरी डोकावली आणि म्हणाली, “आते, तू येव नको हां. लोक म्हणतले, डाक्टरीण आतेक घेवन इली.”

तुळसाला ते लागलं. पण तिला हेही कळलं की पोर बरोबर बोलतेय. “माका काय कामा नाय काय?” असं म्हणून ती आत गेली आणि पाच मिनिटांनी कोयती घेऊन गुरुदासच्या कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी गवत कापायला हजर झाली. तिथं कापण्यासारखं गवत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

तोवर गोठ्यापुढे अर्धी वाडी जमली होती. भाई तर खुर्ची घेऊनच आले होते. प्राजक्तानं गाय तपासली, पाडी तपासली, पिशवीतून एक लहानशी बाटली काढून पवळीला इंजेक्शन दिलं. दोन-तीन मिनिटांत पवळीच्या सडांतून चीक ठिबकायला लागला. लोकांनी माना डोलावल्या. गुरुदासनं हात जोडले. प्राजक्तानं स्वतः पाडी उचलून आईच्या पुढ्यात नेली. पवळीनं हुंगलं, डोळे फिरवले, आणि शिंग असं आडवं घातलं की पाडी आणि डॉक्टर दोघीही शेणात बसल्या.

माणसं हसली. भाई खुर्चीतून म्हणाले, “डाक्टरनी, दूध इला खरा, पण माया खंय रवली?”

आणि दारात उभी असलेली काशीबाई, पदर सावरत, कुणाकडेच न बघता म्हणाली, “वांझेन वाढयलेल्या चेडवाक मायेचा काय कळतला?”

गडग्याआड तुळसाच्या हातातली कोयती थांबली. तिला स्वतःला कुणी वांझ म्हटलं तर आताशा काही वाटत नसे. तो शब्द झिजून गेला होता. पण आज तो पोरीच्या अंगावर टाकला होता. ही पाडी आज मेली असती तर उद्यापासून वाडीतली एक शेळीसुद्धा प्राजक्ताच्या हाताखाली कुणी दिली नसती, आणि म्हटलं असतं, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.  तरी तुळसा जागची हलली नाही. पोरीनं येऊ नको म्हटलं होतं.

प्राजक्ता उठली. कपड्यांचं शेण झटकलं नाही. सरळ चालत गडग्यापाशी आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आते, माजा चुकला. तू ये.”

तुळसा गडगा चढून आत आली, तीही वाटेनं नाही, गडग्यावरूनच. पाडीजवळ बसली आणि तिच्या मानेत नाक खुपसलं. मग पाठीला, मग शेपटीखाली. मान वर करून म्हणाली, “पाडी कोणी न्हाणली?”

“मी न्हाणयलंय,” काशीबाई म्हणाली. “थंडीन कुडकुडत होती. चाळीस वर्सा पोरा न्हाणयलंय मी, एकाचा तरी वायट झाला काय?”

“माणसाची आवस पोराक डोळ्यांन वळाखता, काकी,” तुळसा म्हणाली. “गाय नाकान वळाखता. तुमी पाडयेचो वासच धुवन टाकलात. आता हिका खोबऱ्याच्या तेलाचो नि वावडिंगाचो वास येता. पवळीक वाटता, ह्या कोणाचा तरी पोर माज्या कासेक लागला. वार खंय आसा?”

गुरुदासनं वडाकडे बोट दाखवलं. गाय व्याली की वार, म्हणजे वासरामागून पडणारी पिशवी, गवताच्या पेंढ्यात बांधून चिकाच्या झाडावर टांगायची, ही आपल्याकडची रीत. वडाला जसा चीक तसं गाईला दूध, असं म्हणतात. टांगलेली वार कुणी काढत नाही. काढली तर दूध आटतं. तुळसानं काजू काढायची लांब आकडी उचलली आणि वडाकडे निघाली.

काशीबाई वाटेत आडवी आली. “वार काढूची नाय. दूध आटतला.”

“दूध आटाक ता पयला येवक होया,” तुळसा म्हणाली. “गुरुदासा, तुका वार होयी काय पाडी?”

गुरुदासनं आयुष्यात पहिल्यांदा आईकडे न बघता उत्तर दिलं. “पाडी.”

आकडीनं पेंढा खाली आला. प्राजक्तानं तो उघडून बघितला, हुंगला, वार अजून ताजी होती. तुळसानं आधी राख आणि कोमट पाणी घेऊन पाडीच्या अंगावरचं तेल उतरवलं. काशीबाईची तीटसुद्धा पुसली गेली. मग वारेचं पाणी घेऊन ती पाडीला चोळायला लागली, मानेला, पाठीला, बेंबीशी, शेपटीच्या मुळाशी, जिथं जिथं गाय आधी चाटते तिथं तिथं. वरून चिमूटभर मीठ भुरभुरवलं.

“आते,” प्राजक्ता खालच्या आवाजात म्हणाली, “व्याल्याक सात तास झाले. नुसत्या वासान पवळी आता हिका घेवची नाय. आमका कॉलेजात शिकवलेला, मेंढयेक गर्भाच्या पिशवीच्या तोंडाशी ताण दिलो की तिका वाटता आपण परत व्यालंव. मग ती परक्या पोराक पण घेता.”

तुळसा हसली. “माका ह्या कोणी कॉलेजात शिकवक नाय. पण मी तीस वर्सा ताच करतंय. व्यातानाची कळ परत दिली की गाय परत आवस होता.” तिनं आपला तेल लावायला पुढे केलेला हात मागे घेतला. “पण आता माजो हात थकलो. तू कर.”

हे साफ खोटं होतं. गेल्याच आठवड्यात त्याच हातानं तिनं एक आडवं आलेलं रेडकू फिरवलं होतं. प्राजक्तानं आतेकडे बघितलं. तिला कळलं, आणि तिनं खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला. पवळीच्या तोंडाशी तुळसा उभी राहिली, गळ्याखालची पोळी खाजवत, तिच्याशी काहीबाही बोलत. मागे प्राजक्ता, हळू हात, घाई नाही. दोन-तीन मिनिटं झाली असतील. पवळीनं पाठ उचलली, शेपूट ताणली, एक कळ आली आणि गेली. तुळसानं पायानं पाडी पुढे सरकवली.

भाई खुर्चीतून उठून पुढे आले. 

पवळीनं मान खाली घातली. हुंगलं. परत हुंगलं. मग तिच्या गळ्यातून तो आवाज आला, हंबरणं नव्हे, तोंड मिटून केलेला बारीक हुंकार, जो गाय फक्त आपल्या वासराशी करते. जीभ बाहेर आली. ती पाडीला चाटायला लागली ती अशी की पाडी पुन्हा कोलमडली, पण यावेळी मायेच्या भारानं. पाडी उठली, लडखडत कासेशी गेली, आणि पवळीनं पाय फाकवून तिला जागा करून दिली. इंजेक्शनाचा जोर तर केव्हाच ओसरला होता. हा पान्हा तिचा तिनं सोडला होता. पाडीच्या तोंडाच्या कोपऱ्यातून चीक गळून खाली सांडत होता.

तुळसानं पाडीकडे बघितलं नाही. ती प्राजक्ताकडे बघत होती. केस विस्कटलेले, अंगावर शेण, हातमोजा माखलेला, आणि चेहऱ्यावर ते दहा वर्षांची असताना कंदील धरून उभी राहायची तेव्हाचं हसू. तुळसाला इतका अभिमान वाटला की तो कुणाला दिसू नये म्हणून ती गुरुदासवरच खेकसली, “बघतंस काय? डाक्टरनीक हात धुवक पाणी दी.”

घरी जाताना दोघी काजूच्या सावलीत टेकल्या. तुळसानं विचारलं, “इंजेक्शनान दूध इला, मग माया कित्याक नाय इली?”

प्राजक्तानं सांगितलं ते असं. मेंदूत एक रस तयार होतो. वासरू वाट काढत बाहेर येतं, कासेला तोंड लावतं, की हा रस सुटतो. रक्तातून खाली कासेत गेला की दूध उतरतं, आणि तिथल्या तिथं मेंदूत पसरला की आई वासराचा वास मनात कोरून घेते, हे माझं म्हणते. इंजेक्शनात तोच रस असतो, पण सुईनं टोचलेला रक्तातच फिरतो. मेंदूच्या वेशीवर त्याला अडवतात, आत फारसा जाऊ देत नाहीत. म्हणून सुईनं दूध आलं, माया नाही. माया मेंदूनं आपली आपण सोडावी लागते. गाय, शेळी, उंदीर, माणूस, दूध पाजणाऱ्या सगळ्यांत हेच. अर्थात एकटा तो रसच सगळं करतो असं नाही, माणसाचं तर आणखी गुंतागुंतीचं, पण त्याच्यावाचून गाडं हलत नाही.

तुळसानं पान जुळवलं. मग मान खाली घालूनच विचारलं, “आणि जी व्यालीच नाय, तिच्यात?”

“तिच्यातव. पोराक कवळला, सांभाळला, ता छातीक लागला, तर तिच्यातव सुटता. दुसरे रस पण सुटतत. कधी कधी न व्यालेल्या बायलेक दूधसुद्धा येता, आते. तेच्यात नवल नाय, पुस्तकात लिवलेला आसा.”

“पुस्तकात आसा?” तुळसा म्हणाली.

“आसा.”

पंचवीस वर्षं दाराला घातलेली कडी त्या दुपारी निघाली. तुळसानं सगळं सांगितलं, कापसाचा बोळा, कोरडी छाती, चोळीची ओल, भीती. सांगताना ती कुठंच अडखळली नाही, जणू दुसऱ्याच कुणा बाईची गोष्ट सांगत होती. प्राजक्ता ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर तिनं आतेच्या मांडीवर डोकं ठेवलं. तुळसानं तिच्या केसांतलं शेण काढलं. जे पाप म्हणून लपवलं, ते दूध तिला त्या दिवशी पहिल्यांदा मिरवावंसं वाटलं.

गाय व्याली की दहा दिवस तिचं दूध देवाला चालत नाही. अकराव्या दिवशी गुरुदासनं पहिलं दूध देवळात नेलं, आणि काशीबाईनं वाडीतल्या बायकांना खीर खायला बोलावलं. पवळीचं दूध आटलं नव्हतं, उलट पाडी पिऊन तांब्या भरत होता. तुळसाला निरोप आला तो ओसरीवर बसायचा. ती गेली, प्राजक्ताही दवाखान्यातून परस्पर आली. पाडी अंगणात बागडत होती, आणि पवळी दर दोन मिनिटांनी हुंकारून तिला जवळ बोलावत होती.

काशीबाई गोठ्याकडे बघत बोलली. सत्तरीची बाई, वाकायची सवय नव्हती, शब्द अडकत अडकत आले. “चुकी माजी होती,” ती म्हणाली. “पाडी जगली ती तुज्यामुळा नि तुज्या चेडवामुळा. तुळसा, पाडयेचा नाव तू ठेव. तिच्या कानात तूच सांग.”

‘तुज्या चेडवामुळा.’ बायकांनी ते ऐकलं. तुळसानंही ऐकलं. तिनं हातातली खिरीची वाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि उभी राहिली.

“पाडयेचा नाव तुमीच ठेवा, काकी,” ती म्हणाली. “माजा एक नाव सांगूचा पंचवीस वर्सा रवला हा.”

तिनं प्राजक्ताला हाक मारली. पंचवीस वर्षांची डॉक्टर खिरीचा घास तोंडात तसाच धरून समोर आली. तुळसा उंचीनं कमी, तिनं पोरीचं डोकं दोन्ही हातांनी धरून खाली वाकवलं, केस बाजूला केले, कानाशी तोंड नेलं, आणि सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाली, “कुर्रर्र. प्राजक्ता.”

 मग काशीबाई पुढे आली. गावातल्या सगळ्या बाळांना चोळून चोळून राठ झालेला आपला हात तिनं उचलला आणि तुळसाच्या पाठीत धपाटा घातला.